कुंदा, कडी माझ्या बाजूला होती

कुंदे, तुझ्या हातातली कुऱ्हाड मी हिसकावून घेतली तेव्हा तू मला शिवी दिली होतीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मला राग यायच्या आधी हसूच आलं, कारण ती शिवी तू तुझ्या नवऱ्याचीच उचलली होतीस, अगदी त्याच सुरात. वसंत भावोजींचं वर्षश्राद्ध होऊन चार दिवस झाले होते. घरापुढच्या खळ्यात त्यांची आरामखुर्ची आडवी पाडलेली, तू काष्टा मारलेला, आणि खुर्चीच्या उजव्या हातावर तीन घाव घालून झालेले. फणसाचं जुनं लाकूड ते, कुऱ्हाड उलटी उडत होती. चौथा घाव तुझ्याच नडगीवर बसला असता म्हणून मी धावले.

"लाकडान काय केला तुजा?" मी म्हटलं.

"माणूस मेलो, वयनी," तू धापा टाकत म्हणालीस. "मारूक आता लाकूडच ऱ्हवला."

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. भेटायला येणारी माणसं पडवीत बसतात, चहा पितात आणि म्हणतात, तुमची जाऊ फार सोशिक हो. सोशिक हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. वाटतं, कपबशी हातातून काढून घ्यावी आणि सांगावं, तुम्ही उठा. तू सोशिक नव्हतीस. तू विजयदुर्गाकडची, समुद्राच्या बाजूची, तोंडाने फटकळ, आणि लग्न होऊन आलीस तेव्हा आख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं हसायचीस. तुला जायला जागा नव्हती, एवढंच. एक जागा होती, आणि तिची कडी माझ्या बाजूला होती. ते तुला मी कधी बोलून दाखवलं नाही. तुझ्या उशाशी आठ दिवस बसले, तुझे पाय चेपले, तरी बोलले नाही.

सासऱ्यांनी हयातीतच वाटणी केली. एका घराची दोन घरं, मधे चिऱ्यांची भिंत. विहीर आमच्या वाट्याला आली म्हणून भिंतीत एक दार ठेवलं, तुमच्याकडून पाण्याला यायला. आणि आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे, वाटणीच्या भिंतीतल्या दाराची कडी थोरल्याच्या बाजूला. का, ते कुणी विचारलं नाही. थोरला, म्हणून कडी त्याच्याकडे. सकाळी मी ती काढायची, दिवेलागणीला घालायची. मधल्या वेळी भांडणबिंडण ऐकू आलं, तरी घालायची. ही दुसरी रीत मात्र सासऱ्यांनी घातलेली नव्हती. ती माझी.

भावोजी दारूला शिवत नव्हते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण बायका विचारतात, पीत होते काय हो? जणू पीत असते तर ठीक होतं. ते पूर्ण शुद्धीत मारायचे. देवळाच्या कमिटीवर होते, शाळेच्या कमिटीवर होते. वाडीत दोन भावांचं माडावरून वाजलं की मिटवायला यांनाच बोलावणं. शांत आवाजात बोलायचे. तुला मारतानासुद्धा आवाज चढत नसे, भिंतीपलीकडून मला फक्त तुझा आवाज यायचा आणि वस्तूंचा. वस्तू ओळखता यायला लागल्या होत्या मला. हा पाट. हा तांब्या. ही खुर्ची सरकली, म्हणजे आता उठले.

आणि तो दिवस. भर दुपार होती, वैशाखातली. आमच्याकडे जेवणं चालली होती. बांगड्याचं कालवण तुझ्याकडेही होतं, वास येत होता. मीठ जास्त पडलं असणार. पहिल्यांदा ताट पडल्याचा आवाज आला, मग तुझ्या पावलांचा, मग दारावर तू पंज्याने मारायला लागलीस. मुठीने नाही, उघड्या पंज्याने. "वयनी, कडी काडा." तीनदा म्हणालीस. मी उठले. माझा हात कडीवर होता, कुंदे. लोखंड गरम लागलं होतं हाताला. आणि मागून हे म्हणाले, ताटावरून मान वर न करता, "तेंच्या घरचा ते बगतीत. तू वाढ."

मी वाढलं. भात वाढला, त्यावर सोलकढी ओतली. पलीकडे स्टूल आपटलं आणि तुझं मनगट मोडलं. लाकडाचा आवाज वेगळा असतो आणि हाडाचा वेगळा, हे मला त्या दुपारी कळलं. त्यानंतर सुकं काटूक मोडतानाही मला तोच आवाज येतो. तुझी वैशू सहा वर्षांची होती. ती रडली नाही, म्हणून मला वाटलं ती तिथे नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखी कडी काढली. तू कळशी घेऊन आलीस, डाव्या हातात. उजवा फडक्यात बांधलेला.

"हाताक काय झाला गो?" मी विचारलं.

"पडलंय."

"संबाळून चलाचा."

"व्हय," तू म्हणालीस, आणि कळशी भरून गेलीस.

एवढंच आपलं बोलणं. पुढची तीस वर्षं आपण लोणची घातली, फणस कापले, माझ्या दोन्ही बाळंतपणांत तू मला न्हाऊमाखू घातलंस त्या वाकड्या मनगटाने. एकमेकींच्या डोक्यातल्या उवासुद्धा काढल्या. पण त्या चार वाक्यांच्या पलीकडे आपण गेलो नाही.

मग भावोजींना अर्धांगवायू झाला आणि दीड वर्ष ते पलंगावर पडून राहिले. गाव म्हणालं, बायको बघा कशी करते. तू करत होतीस, ते खरंच. चादरी धुवायचीस, कूस बदलायचीस, पेज भरवायचीस. एकदा विहिरीवर तू मला हळूच म्हणालीस, "वयनी, चमचो मी जरा दातार आपटतंय. रोज." आणि हसलीस. मला ते हसू आवडलं नाही आणि फार आवडलंही. मी तुला म्हटलं होतं, असं करू नये, तो आता काय करणार बिचारा. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी कळशी अर्धीच भरून निघाले.

तर ती कुऱ्हाड. ती मी आमच्या न्हाणीमागे लपवली, आणि तुला म्हटलं, देऊन टाकू. मालवणच्या रस्त्याला चर्चच्या सिस्टरांचं म्हाताऱ्या माणसांचं घर आहे, त्यांनी नवीन खोली काढली होती आणि खाटा, खुर्च्या, कपाटं जे असेल ते मागत होते. तू म्हणालीस, जाळीन. मी म्हटलं, जाळलंस तर राख तुझ्याच खळ्यात पडणार. आठ दिवस आपलं हे चाललं. खालच्या वाडीतल्या होमस्टेवाल्याला सुगावा लागला, तो आरामखुर्ची बघायला आला. म्हणाला, काकी, जुनी वस्तू, पाहुण्यांना अशीच लागते, बसून फोटो काढतात. तू त्याला विचारलंस, "हसान काडतत काय फोटो?" तो म्हणाला, होय तर. मग तू त्याला जे घालवलंस, तो चप्पल एका पायात घालून रस्त्यापर्यंत गेला.

माझं म्हणणं मी सोडलं नाही. लाकडाला पाप नसतं, असं मी म्हणत होते. कुणा म्हाताऱ्याची पाठ टेकेल. तू म्हणायचीस, तुमका काय, तुमी तेच्यार बसलास खंय. मी म्हणायचे, अगो, फणस आजोबांनी लावलेला, खुर्ची सुताराने केली, यात तुझ्या नवऱ्याचं काय आहे? एवढं जोरात मी का भांडत होते? मला वाटतं, ती खुर्ची निर्दोष ठरली असती तर मीही थोडी ठरले असते. हे तेव्हा कळलं नाही. तुला कळलं असेल.

शेवटी तू तयार झालीस, आणि मी माझी चूक केली. मी म्हटलं, गाऱ्हाणं घालून देऊ. मेलेल्या माणसाची बसायची, निजायची वस्तू आपल्या वाडीत गाऱ्हाण्याशिवाय उंबऱ्याबाहेर जात नाही. घरातल्या थोरल्या पुरुषाने जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला सांगायचं, की बाबा रे, वस्तू जाते, तिच्यातलं बरंवाईट इथेच राहू दे, घेणाऱ्याला त्रास नको. आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मला काळजी त्या सिस्टरांच्या म्हाताऱ्यांची होती. थोरले म्हणजे आमचे हे. दोन मिनिटांचं काम, नारळ ठेवला की झालं, असा माझा हिशेब.

टेंपो आला. ड्रायव्हर आणि एक सिस्टर, गोव्याकडची, जाडजूड, घामाने भिजलेली, सगळ्यांना मावशी म्हणणारी. पाहायला वाडीतली दहा-पंधरा माणसं. खळ्यात सामान मांडलेलं, खुर्ची, पलंग, कपाट, स्टूल. यांनी टोपी घातली, घसा खाकरला.

"दादानू, तुमी थांबा," तू म्हणालीस. "ह्या माजा गाऱ्हाणा. मीच घालतंय."

बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं कुणी ऐकलं नव्हतं. पण नारळ तू उचललेलाही होतास, आता काढून कोण घेणार? तू सुरुवात रीतसर केलीस. बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या धन्या, आज ह्या घरातला सामान भायर पडता. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मग तू स्टुलावर हात ठेवलास.

"ह्या स्टुलान माजो उजवो हात मोडल्यान."

माणसं पायांकडे बघायला लागली. आणि त्या सिस्टरला बिचारीला वाटलं, लोक व्हय म्हणायला विसरले. ती मोठ्याने म्हणाली, "होय म्हाराजा." तिच्यामागून ड्रायव्हर म्हणाला. मग काय, देवाच्या गाऱ्हाण्याला गप्प राहायची हिंमत कुणाची? वाडी पुटपुटली, व्हय म्हाराजा.

"ह्या पलंगाच्या पायाक माजे केस बांदल्यान, आनी दुपारभर ठेवल्यान."

व्हय म्हाराजा.

"ह्या कपाटाच्या दारात माजी बोटा घालून दार लावल्यान."

व्हय म्हाराजा. आता सिस्टरचा आवाज येत नव्हता, ती तोंडावर हात धरून उभी होती. पण वाडीचा येत होता. देवळाच्या कमिटीवरची ती माणसं, भावोजींच्या मांडीला मांडी लावून बसलेली, त्यांच्या तोंडून तू एकेक करून काढून घेतलंस. मारलं, व्हय. जाळलं, व्हय. वाक्यामागून वाक्य तू असं टाकत होतीस की त्या दिवशीची कुऱ्हाड काहीच नाही. चाळीस वर्षांत तुझ्या अंगावर पडलेलं सगळं तू त्या खळ्यात परत आपटलंस, आणि त्यांना हात वर करायला जागा ठेवली नाहीस. एकजण निघायला वळला. "सकाराम, गाऱ्हाणा संपाक नाय," तू म्हणालीस, आणि तो थांबला.

मग तू दाराकडे बघितलंस. भिंतीतल्या. ते उघडंच होतं आणि मी त्याच्या चौकटीला टेकून उभी होते. "आनी," तू म्हणालीस.

कुंदे, मी मरते की काय असं मला वाटलं. हे माझ्या शेजारी उभे होते, यांचा श्वास मला ऐकू येत होता. तू माझ्याकडे बघत होतीस, आणि तुझा चेहरा शांत होता.

"आनी ऱ्हवला तां ऱ्हवांदे," तू म्हणालीस. "जो बसात, जो निजात, तेका सुखाची झोप लागांदे रे म्हाराजा." आणि नारळ फोडलास.

त्यालाही सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. मी ओठ हलवले फक्त.

तू मला सोडून दिलंस, की माझं माझ्याकडे ठेवलंस? ते मी तुला विचारायला हवं होतं. सहा वर्षं मिळाली होती त्यानंतर. तू त्या सहा वर्षांत काय सुरेख जगलीस. लाल प्लास्टिकची खुर्ची आणलीस आणि पडवीत पाय पसरून बसायला लागलीस. आवाज पुन्हा पूर्वीसारखा मोठा झाला. मला ओढून शिरोड्याला नेलंस, समुद्रात गुडघाभर उभी राहून साडी भिजवलीस, आणि एसटीत ओली बसल्याबद्दल कंडक्टरशी भांडलीस. संध्याकाळी दाराशी येऊन विचारायचीस, वयनी, चाय टाकलास? मला वाटायचं, हीच क्षमा असेल. माणूस आपल्या सोयीचं ते मानतो.

एकदा आपण सिस्टरांकडे सामान बघायला गेलो. आरामखुर्चीत एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ बसले होते, हातात जपमाळ, आणि अंगठा तुझ्या कुऱ्हाडीच्या घावात अगदी बेतानं टेकलेला. जणू खाच त्यांच्यासाठीच केली. मी तुला कोपराने ढोसलं. बघ, म्हटलं, कोणाचं खरं झालं? तू बाहेर आल्यावर म्हणालीस, "लाकूड सुटला, वयनी. लाकूड सुटता." आणि रिक्षाला हात केलास. अजूनही मी त्या वाक्याशी भांडते. जेवताना भांडते. काय म्हणायचं होतं तुला? लाकूड सुटतं, आणि कोण सुटत नाही?

तुझ्या तापात आठ दिवस मी उशाशी होते. शेवटच्या दुपारी तू डोळे उघडून म्हणालीस, "वयनी." मी म्हटलं, "काय गो?" माझं मनाशी चाललं होतं, आता सांगते, आता सांगते. तू म्हणालीस, "पाणी." मी पाणी दिलं. पाणी देणं मला नेहमी जमलं आहे.

परवा, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, वैशूने तुझी खाट द्यायची ठरवली. त्याच सिस्टरांना. टेंपो आला, सिस्टर दुसरी होती. खाट खळ्यात आणली. वैशू मला म्हणाली, काकी, काकांना सांगा गाऱ्हाणं घालायला. यांना आता धड ऐकू येत नाही, तरी टोपी घातली. मी नारळ यांच्या हातातून घेतला. तुझं गाऱ्हाणं ऐकून ठेवलेलं होतं, म्हणून शब्द आले.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, "भिंतीतल्या दाराची कडी माज्या हातात होती. कुंदान हाक मारल्यान. माका आयकाक इला. मी कडी काडूक नाय. मी जेवान वाढलंय."

कोणी व्हय म्हटलं नाही. वाडीतल्या सातआठजणांना कळलंच नसावं काय चाललंय. वैशूला कळलं. पंचेचाळिशीची बाई ती, केस पिकायला लागलेत, पण तिचा चेहरा सहा वर्षांचा झाला आणि मी तेव्हा समजले, ती तिथे होती. दाराच्या पलीकडे, तुझ्या साडीला धरून.

"काकी, परत सांगा," ती म्हणाली. "मोठ्यान."

मी परत सांगितलं. हे म्हणाले, "बस झाला आता." वैशूने यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"परत."

तिसऱ्यांदा मी ओरडले, कुंदे. या वयात एवढा आवाज माझ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. तुझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, यांचं नाव घेतलं, माझं घेतलं. रस्त्यावरून जाणारी मोटारसायकल थांबली. मी नारळ दगडावर एवढ्या जोरात आपटला की करवंटीचा तुकडा यांच्या पायाशी जाऊन पडला आणि पाणी माझ्याच तोंडावर उडालं. गाऱ्हाण्याला उत्तर आलं नाही तर ते तसंच राहतं म्हणतात. मी उत्तराची वाट बघत उभी राहिले.

वैशूने पदराने तोंड पुसलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भरूया आता." ड्रायव्हर टेंपोचं फळकुट खाली पाडत होता. तिने वाकून खाटेचं डोक्याकडचं टोक उचललं आणि पायाकडच्या टोकाला कोणीच नव्हतं. ती तशीच वाकून थांबली, माझ्याकडे बघत. मी जाऊन धरलं. जड होती गो तुझी खाट. आम्ही दोघींनी ती उचलली आणि न टेकवता टेंपोपर्यंत नेली.